पावतीपुस्तक कोणाच्या हातात?

मंडळी, पत्रिकेवर विषय छापलाय ‘न्याय्य आणि टिकाऊ स्थानिक अर्थव्यवस्था’. तिकडे येतोच. आधी एका कागदाबद्दल बोलू द्या, कारण माझ्या मते अख्खा विषय त्या कागदात आहे. तो कागद म्हणजे मालाची हिशोबपट्टी, बाजारात माल विकल्यावर आडत्या, म्हणजे दलाल, लिहून देतो ती. इथल्या निम्म्या लोकांच्या घरी तारेत ओवलेल्या पट्ट्या असतील.

आमच्या घरी ती तार स्वयंपाकघराच्या दारामागं खिळ्याला अडकवलेली असे. मी सातवीत होतो. वडिलांनी कांद्याच्या १२ गोण्या भरल्या आणि त्या वर्षी पहिल्यांदाच शेजाऱ्यांचा काटा आणून एकेक गोणी घरी मोजली. प्रत्येकीत ५२ किलो बसतील असं बघून तोंडं शिवली. गोणीवर कोळशानं आकडे मीच लिहिले, म्हणून ते अजून लक्षात आहेत. दुसऱ्या दिवशी बाजारातून पट्टी आली. निळ्या कार्बनची, खालच्या ओळी पुसट. गोणीला वजन ५० किलो. त्याखाली हमाली, तोलाई, वाराई, आडत, गाडीभाडं आणि सगळ्यात शेवटी ‘इतर’.

वडिलांनी विचारलं, २४ किलो कुठं गेले? उत्तर आलं, ‘माती, ओल, घट. सगळ्यांचीच धरतो.’ तेही त्यांनी गिळलं असतं. पण ‘इतर’ म्हणजे काय, हे विचारायला ते परत गेले तेव्हा ‘थांबा जरा’ म्हणून त्यांना बाजूला उभं केलं. रिकाम्या बारदानाची घडी काखेत धरून ते दिवे लागेपर्यंत उभे होते. कोणी काही सांगितलं नाही. आजीनं ती पट्टीही तारेत ओवली. मला आजही त्या एका शब्दाचा राग येतो.

भाजीपाला-फळांवरची आडत २०१६ पासून शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं. चांगलंच झालं. पण पट्टी लिहिणारा हात बदलला नाही. आपण समजतो, जवळच्या बाजारात विकलं की पैसा गावात राहतो. आमचा आडत्या ओळखीचा होता, आमच्याकडच्या लग्नांना अहेर घेऊन यायचा. तरी २४ किलो गेलेच! वजन कोण करतं आणि पावती कोण फाडतं, हे मी आधी विचारतो. भाव नंतर.

आता गडचिरोलीला चला, धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) या गोंडांच्या गावी. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा तिथली. गावचे देवाजी तोफा आणि कार्यकर्ते मोहन हिराबाई हिरालाल यांनी तिथं अनेक वर्षं अभ्यासगट चालवला. गावाचे निर्णय सर्वसहमतीनं होऊ लागले. २००६ च्या वनहक्क कायद्याखाली २००९ मध्ये गावाला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला. त्या कायद्यात बांबू हे गौण वनोपज आहे, म्हणजे लाकूड सोडून जंगलातलं उत्पन्न, आणि ते विकायचा हक्क गावाचा. पण बांबू गावाबाहेर न्यायला वाहतूक परवाना लागतो, आणि परवान्याचं पुस्तक होतं वनखात्याकडे! जुना १९२७ चा वन कायदा २०१७ पर्यंत बांबूला झाड धरायचा. वनस्पतीशास्त्रात ते गवत. तुमच्या गोठ्यातल्या शेळीपुढं कोवळा पाला टाका, ती शास्त्राच्या बाजूनं कौल देईल. अखेर २७ एप्रिल २०११ ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि ते पुस्तक ग्रामसभेकडे सोपवलं गेलं. हक्क कागदावर २००९ लाच होता. तो वापरायला मिळाला पुस्तक हाती आल्यावर.

अध्यक्षांची चिठ्ठी आली आहे, पाच मिनिटं. मग भराभर सांगतो.

टिकाऊपणाचं. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावच्या ग्रामसभेनं ठेकेदार न ठेवता बांबूचा धंदा स्वतः चालवला आणि विडीची तेंदूपानं तोडणं बंद केलं. पानांसाठी झाडं छाटली जातात, जंगलात आगी लावल्या जातात, म्हणून. हातातला पैसा सोडायचा निर्णय ज्यांना त्याच जंगलात राहायचंय त्यांनी घेतला.

शहराचं. पुण्यात कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना १९९३ ची, तिच्यातून २००८ मध्ये ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था उभी राहिली. कचरावेचकच सभासद, त्यातल्या बहुतेक बाया, आणि घराघरातलं शुल्क त्यांच्याच हातात पडतं. महिना अखेरीला ते पन्नास-शंभर रुपये द्यायला आपण का कुरकुरतो, हे मला कळत नाही.

साखर कारखान्यांवर खूप बोलायचं होतं. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी शेतकऱ्याला मालक केलं, ती केवढी झेप होती! ज्या कारखान्यात आज सभासदाला काट्यापाशी उभं राहू देत नाहीत, तिथं तो मालक उरलेला नाही. वार्षिक सभेत हे उठून बोला.

मागच्या रांगेत मसाला करणाऱ्या बचत गटाच्या ताई बसल्यात. मघाशी त्यांनी त्यांची वही दाखवली. मिरचीच्या वजनाचा रकाना कोणी भरायचा, यावर गटाचं अडलंय. माझी राहिलेली दोन मिनिटं त्यांना द्या. ताई, वही घेऊन पुढं या.