शब्दांकन, मानधन आणि सही

अध्यक्षांनी ओळख करून देताना सांगितलं की मी बावीस वर्षं रविवार पुरवणी सांभाळली. ‘सांभाळली’ हा त्यांचा शब्द. खरं तर मी लोकांची आयुष्यं सहाशे शब्दांत कोंबत होतो. तेव्हा आपली खरी गोष्ट छापायला द्यावी का, आणि दिली तर पैसे मागावेत का, यावर मी बोलणार असलो तरी ऐकताना एक लक्षात ठेवा, की मी विकणाऱ्यांतला नव्हे, घेणाऱ्यांतला आहे.

मुळात ‘विकणं’ हा शब्दच आपल्याला टोचतो. मराठीत लेख ‘देतात’. संपादक तो ठेवून घेतो नाहीतर ‘साभार परत’ करतो. पैसे आलेच तर त्याला मानधन म्हणायचं. मान आधी, धन जमलं तर. दिवाळी अंकाचं मानधन पुढच्या गणपतीच्या आत हातात पडलंय असे किती जण बसलेत इथे? दोन हात दिसले. त्यांनी नंतर मला त्या संपादकांचं नाव सांगा.

इंग्लंडमध्ये ही भीड नाही. तिथे बायकांची साप्ताहिकं याच मालावर चालतात. ‘टेक अ ब्रेक’ 1990 साली निघालं, आणि त्याच्या जातकुळीतली इतरही बरीच आहेत. ‘तुमची गोष्ट सांगा, आम्ही पैसे देऊ’ अशी चौकट अंकातच छापलेली असते. फोन करायचा. पत्रकार तास-दोन तास ऐकतो आणि ‘मी’ या नावाने, म्हणजे तुमच्या तोंडून, गोष्ट लिहून काढतो. मग ती तुम्हाला फोनवर वाचून दाखवतात. घरातले जुने फोटो मागवतात. मधल्या मध्ये एजन्सीही असतात, त्या तुमची गोष्ट घेऊन चार दारं फिरतात आणि आपला वाटा काढतात. करारावर सही झाली की अंक बाजारात येईपर्यंत दुसऱ्या कोणापाशी तोंड उघडायचं नाही, आणि मथळा काय असेल हे तुम्हाला कोणी विचारत नाही.

यातलं ‘तोंड उघडायचं नाही’ हे कलम मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं. घडलेल्या घटनेवर कोणाची मालकी नसते. तुमच्या घराला आग लागली, तर ती बातमी कोणीही छापू शकतो. तुमच्याकडे विकण्यासारखं असतं ते तुमचं सांगणं, आणि ते सांगेपर्यंतचं तुमचं गप्प राहणं. पैसे बहुतेक वेळा या गप्प राहण्याचेच असतात.

याचं एक जुनं उदाहरण टायटॅनिकचं आहे. जहाजावर मार्कोनी कंपनीचे दोन वायरलेस ऑपरेटर होते. थोरला, जॅक फिलिप्स, गेला. धाकटा, हॅरल्ड ब्राइड, वाचला. वय बावीस. पाय इतके दुखावलेले की उभं राहणं मुश्किल, तरी ‘कार्पेथिया’ या जहाजाने उचलून घेतल्यावर तो तिथल्या ऑपरेटरच्या मदतीला बसला. 18 एप्रिल 1912च्या रात्री कार्पेथिया न्यूयॉर्कला लागत होतं. किनाऱ्यावर हजारो नातेवाईक उभे, आपलं माणूस आहे की गेलं हे कळायची वाट बघत. त्याच संध्याकाळी ब्राइड आणि कार्पेथियाचा ऑपरेटर या दोघांसाठी किनाऱ्यावरून मार्कोनी कंपनीचे वायरलेस निरोप सुटले, की तोंड बंद ठेवा, गोष्ट राखून ठेवा, मोठे पैसे ठरलेत. अमेरिकन नौदलाच्या जहाजाने हे निरोप मधल्या मध्ये टिपले. जहाज धक्क्याला लागल्यावर ‘न्यूयॉर्क टाइम्स’चा बातमीदार कंपनीचे खुद्द मार्कोनी यांच्याबरोबर वर चढला, आणि दुसऱ्या दिवशी ब्राइडची हकिगत त्याच्याच शब्दांत पहिल्या पानावर आली. त्याला मिळाले 1000 डॉलर, कार्पेथियाच्या ऑपरेटरला 750.

अमेरिकन सिनेटच्या चौकशीत यावरून मार्कोनींना बराच घाम फुटला. त्यांचं म्हणणं, जहाज बंदरात शिरत असताना गेलेले निरोप आहेत, त्यांनी काय अडलं? तारखा आणि वेळा बघितल्या तर त्यात तथ्य आहे. पण आधीचे तीन दिवस चौकशीच्या तारांना नीट उत्तरं मिळत नव्हती, अमेरिकेचे अध्यक्ष टाफ्टसुद्धा आपल्या एका सहकाऱ्याची चौकशी करून थकले होते. मग लोक संशय घेणारच. मला स्वतःला त्या पोराचा राग येत नाही. मेलेल्या मित्राची हकिगत त्याने सांगितली, थकून आणि दुखऱ्या पायांनी सांगितली, आणि ती आजही वाचली जाते. माझा राग किनाऱ्यावर बसून सौदा ठरवणाऱ्यांवर आहे.

दुसरा किस्सा झटकन सांगतो. 1979 साली लंडनच्या ओल्ड बेली या फौजदारी कोर्टात जेरेमी थॉर्प यांच्यावर खटला चालला. थॉर्प म्हणजे लिबरल पक्षाचे माजी नेते, आणि आरोप खुनाच्या कटाचा. सरकार पक्षाचा मोठा साक्षीदार होता पीटर बेसेल. त्याने आपली गोष्ट ‘संडे टेलिग्राफ’ला विकली होती. थॉर्प दोषी ठरले तर 50,000 पौंड, सुटले तर निम्मे. हे कोर्टात बाहेर आल्यावर त्या साक्षीत काय उरलं? थॉर्प सुटले. खटला चालू असताना साक्षीदाराला पैसे द्यायचे नाहीत आणि निकालावर तर रक्कम मुळीच बांधायची नाही, असं आज ब्रिटिश संपादकांच्या आचारसंहितेत लिहिलेलं आहे.

आता आपल्याकडे या. आपल्या पुरवण्यांत ‘शब्दांकन’ नावाचा एक फार सोयीचा शब्द आहे. बोलणारी एक, लिहिणारा दुसरा, आणि लेखाखाली बारीक टायपात ‘शब्दांकन : अमुक’. सांगणाऱ्या बाईला वाटतं, गोष्ट माझी. पण कॉपीराइट कायदा कल्पनेला आणि घटनेला संरक्षण देत नाही, मांडणीला देतो. ती मांडणी ज्याने केली त्याचं पारडं तिथे जड होतं. म्हणून बोलायला बसण्याआधी लेखी ठरवून घ्या, की छापण्याआधी मजकूर मला वाचायला मिळेल, मथळ्यासकट.

मथळ्यासकट, हे मी अनुभवाने सांगतोय. एका बाईंनी नवऱ्याच्या दारूबद्दल आमच्याशी बोलायचं कबूल केलं होतं. नाव बदलायचं, गाव बदलायचं, एवढीच अट. आमच्या पुरवणीत काम करणाऱ्या मुलीने फार हळुवार शब्दांकन केलं. शनिवारी रात्री पान लावताना दोन ओळी उरत होत्या, म्हणून मी एक भडक मथळा ठोकला आणि मजकुरातलं एक वाक्य उचलून चौकटीत टाकलं. त्या वाक्यात त्यांच्या दिराच्या दुकानाचा उल्लेख होता. कोणत्या वस्तूंचं दुकान, आणि कशाच्या समोर. नाव बदलून काय उपयोग? सोमवारी सकाळी अख्ख्या आळीला कळलं. बाई भांडायला आल्या नाहीत. त्यांनी फक्त फोन करून विचारलं, ‘साहेब, ते वाक्य तेवढं मोठं का केलंत?’ मानधन अडीचशे रुपये होतं. दुसऱ्या रविवारी ‘वाचकांना पसंत पडलेला लेख’ म्हणून आम्ही त्यावरची पत्रंही छापली.

तर गोष्ट सांगणारा एकटा नसतो. दीर असतो, सासू असते, शाळेत जाणारी मुलं असतात, आणि त्यांनी कुठेही सही केलेली नसते. इथे कायदा थोडाफार उभा राहतो. 1994 सालचा सर्वोच्च न्यायालयाचा ऑटो शंकर खटला आठवा. फाशीची शिक्षा झालेल्या या कैद्याने तुरुंगात तीनशे पानांची आत्मकथा लिहिली आणि ती ‘नक्कीरन’ या तमिळ साप्ताहिकात यावी असं त्याला हवं होतं. काही बड्या अधिकाऱ्यांची नावं त्यात होती, म्हणून छपाई थांबवायचा प्रयत्न झाला. न्यायालयाने सांगितलं, आधीच बंदी घालता येणार नाही. जे सार्वजनिक नोंदीत आहे ते परवानगीशिवायही छापता येईल, पण त्यापलीकडे जाऊन कोणाच्या खासगी आयुष्यात शिरलात तर परिणाम भोगा. आणि लैंगिक अत्याचाराच्या पीडितेचं नाव मात्र नोंदीत असलं तरी छापायचं नाही. एका खुन्याच्या हस्तलिखितामुळे तुमच्या-माझ्या खासगीपणाचा निकाल लागला, ही मला नेहमी गंमत वाटते.

पैशांबद्दल कोरडं पण उपयोगाचं. ‘सर्व हक्क आमच्याकडे’ असं वाक्य दिसलं की पेन खाली ठेवा आणि विचारा, किती वर्षं, कुठे, कशासाठी? कॉपीराइटचं हस्तांतरण आपल्या कायद्यात लेखी आणि सहीचंच लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. करारात वेगळं काही ठरलं नसेल आणि समोरच्याने वर्षभरात हक्क वापरलाच नाही, तर वर्ष संपल्यावर त्या हक्कापुरतं हस्तांतरणच संपतं. पहिल्या प्रकाशनाचा हक्क द्या, पुस्तकाचा आणि वेबमालिकेचा स्वतःकडे ठेवा. संपादक कुरकुरेल. मीही कुरकुरलो असतो, आणि मग मान्य केलं असतं.

भाषणाआधी एका ताईंनी माझ्या हातात चिठ्ठी दिली. सासऱ्यांच्या एकोणीस डायऱ्या घरात आहेत, गिरणी संपाच्या काळातल्या, एक मासिक त्या क्रमशः छापायला मागतंय, पैसेही देतंय, द्याव्यात का? ताई, सासऱ्यांनी मृत्युपत्र केलं होतं का ते आधी बघा. त्यात डायऱ्या कोणाला दिल्या असं लिहिलं असेल, तर अप्रकाशित लेखनाचा कॉपीराइटही सहसा त्याच माणसाकडे जातो. मृत्युपत्र नसेल, तर हिंदू वारसा कायद्याने सासूबाई असल्या तर त्या, मुलगे आणि मुली सारखेच वाटेकरी. डायऱ्या तुमच्या कपाटात आहेत म्हणून त्या तुमच्या होत नाहीत. तेव्हा मासिकाला कळवायच्या आधी नणंदेला फोन करा. आणि त्या डायऱ्यांत नणंदेबद्दल काय लिहिलंय, ते फोन करायच्या आधी वाचून ठेवा.