सांध्यावर किती अंश?

[जवळून: दोन दांडे, मधला सांधा]

डावीकडे तांबं, उजवीकडे साधं पोलाद. दोन्ही दांडे १० सेंटिमीटर लांब, जाडीही सारखीच, झाळून एकमेकांना जोडलेले. तांब्याचं टोक वाफेत, १०० अंशांवर. पोलादाचं टोक वितळत्या बर्फात, शून्यावर. सांध्यावर किती अंश असतील? बहुतेक जण बेधडक पन्नास सांगतात.

[थर्मल कॅमेरा]

दांड्यांना काळा रंग फासलाय तो या कॅमेऱ्यासाठी. चकचकीत तांबं तापलेलं असलं तरी याला थंडच दिसतं. बाजूंनी उष्णता निसटू नये म्हणून दांडे गुंडाळलेत, बघण्यापुरती एक चीर मोकळी.

वाफ सोडली. पिवळा रंग तांब्यावरून सरसर पुढे येतो आणि सांध्यापाशी रेंगाळतो. पोलादाचा प्रत्येक भाग आलेल्या उष्णतेतली थोडी स्वतः तापायला ठेवून घेतो, उरलेली पुढे देतो. त्यामुळे डावीकडून शिरते जास्त, बर्फापर्यंत पोचते कमी. आत्ता घेतलेल्या आकड्यांवर स्थिर अवस्थेचं, म्हणजे तापमानं बदलायची थांबल्यावरचं सूत्र चालवलं, तर उत्तर चुकणारच. प्रयोगवहीत मात्र हेच आकडे भरले जातात, कारण तास संपत आलेला असतो! सूत्र सगळे शिकवतात, थांबायला कुणी शिकवत नाही.

[वेग वाढवलेलं चित्रण]

म्हणून आम्ही थांबलो. बघा, रंग हळूहळू जागच्या जागी बसतायत. आता कुठलाच भाग आणखी तापत नाही, म्हणजे कुणी काही ठेवून घेत नाही. तांब्यातून सेकंदाला जेवढी उष्णता येते, तेवढीच पोलादातून बाहेर पडते. उजवीकडे बर्फ वितळतोच आहे. तापमानं स्थिर, प्रवाह चालू.

[सांध्यावरचा आकडा]

८९.

तांब्याची उष्णतावाहकता सुमारे ४००, या पोलादाची ५०, वॉट प्रति मीटर प्रति केल्विनमध्ये. फ्रेंच गणितज्ञ फूरिएने १८२२ मध्ये मांडलेल्या नियमानुसार प्रवाह ठरतो तो वाहकता आणि तापमानाचा उतार (दर सेंटिमीटरला तापमान किती घसरतं) यांच्या गुणाकारावर. वाहकता आठपट कमी, मग तेवढाच प्रवाह न्यायला पोलादात उतार आठपट हवा. शंभर अंशांचे नऊ वाटे करा: एक तांब्याला, आठ पोलादाला.

[जोडी उलटी फिरवलेली]

आता पोलाद वाफेकडे. सांधा थेट ११ अंशांवर! प्रवाह मात्र तेवढाच, कारण दोन्ही दांड्यांचा रोध, म्हणजे उष्णतेला होणारा अडथळा, फक्त बेरजेत येतो, क्रम कुठलाही असो.

[दुसरी जोडी, अगदी जवळून]

हे दांडे झाळलेले नाहीत, नुसते दाबून ठेवलेत. सांध्यावर रंग एकदम उडी घेतो. डोळ्यांना सपाट दिसणारे पृष्ठभाग खरं तर मोजक्या उंचवट्यांवरच टेकतात, मधे हवा अडकते, आणि तिचा रोध बेरजेत भरतो. प्रवाह घटतो. प्रोसेसर आणि त्याची उष्णता काढून घेणाऱ्या हीट सिंकच्या मधे पेस्ट लावतात ती याच हवेला हुसकायला.