कमी मागणारी पिके आणि कमी खर्चाचे ताट

(दृश्य: मंगळवेढ्याच्या परिसरातील काळे रान. पौषातील सकाळ, हुरड्यावर आलेली ज्वारी.)

सोलापूर जिल्ह्यातील मंगळवेढ्याची ही जमीन काळी, खोल आणि भारी आहे. परतीचा पाऊस तिच्यात मुरतो आणि त्या ओलीवर पेरलेली ज्वारी बहुतेक ठिकाणी पाण्याची एकही पाळी न देता पोसली जाते. येथील ज्वारीला 2016 साली ‘मंगळवेढा ज्वारी’ या नावाने भौगोलिक मानांकन मिळाले. सेंद्रिय, आरोग्यदायी आणि केवळ वनस्पतींवर आधारलेला आहार मोजक्या पैशांत कसा बसवायचा, या प्रश्नाचे उत्तर शोधताना आम्ही दुकानाऐवजी या रानात आलो, कारण सेंद्रिय अन्न महाग का पडते आणि कोठे ते तसे पडत नाही, हे येथे स्पष्ट दिसते.

कोरडवाहू ज्वारीला शेतकरी रासायनिक खत फारसे देत नाही, कारण ओल नसेल तर ते पिकाला लागतच नाही. फवारणीही सहसा कमी असते. हुलगा आणि मटकी यांची गोष्ट याहून पुढची आहे. ही पिके हलक्या, मुरमाड जमिनीत येतात आणि मुळांवरच्या गाठींतील जिवाणूंच्या साहाय्याने हवेतील नत्र स्वतःच मिळवतात. कोकणात भात निघाल्यावर उरलेल्या ओलीवर कुळीथ पेरतात, तो हुलग्याचा भाऊबंद नव्हे, तर हुलगाच. ज्या धान्याला घोड्याचा खुराक म्हणून आपण हिणवले, त्याच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 22 ग्रॅम प्रथिने असतात.

(दृश्य: भाजी मंडई. वांगी, फ्लॉवर, कोबी यांचे ढीग.)

याउलट वांग्यावर शेंडे आणि फळे पोखरणारी अळी येते, कोबी आणि फ्लॉवरवर चौकोनी ठिपक्यांचा पतंग येतो आणि त्यांच्यामागोमाग फवारण्या येतात. म्हणून आमचे म्हणणे असे की, सेंद्रिय मालासाठी जो थोडा जास्तीचा पैसा हाताशी आहे, तो अशा भाज्यांसाठी राखून ठेवावा, किंवा त्या हंगामाबाहेर घेऊच नयेत. ज्वारी, बाजरी, हुलगा, मटकी, जवस, कारळे यांच्यासाठी चकचकीत वेष्टनाची किंमत मोजण्याचे कारण नाही. 2023 हे आंतरराष्ट्रीय पौष्टिक तृणधान्य वर्ष म्हणून साजरे झाले. मात्र ज्वारीचे नूडल्स आणि कुरकुरीत खाऊ घेणाऱ्या ग्राहकाने त्या पाकिटाच्या दरात किती किलो ज्वारी येते, हा हिशोब एकदा करून पाहावा.

वेष्टनबंद सेंद्रिय मालावर ‘जैविक भारत’ हे चिन्ह पाहावे. लहान शेतकरी किंवा शेतकऱ्यांची लहान संस्था थेट ग्राहकाला माल विकत असेल, तर सेंद्रिय अन्नाच्या 2017 च्या नियमांनी त्यांना प्रमाणपत्रातून सूट दिलेली आहे. तेथे विश्वास आणि विचारपूस हेच प्रमाण. तण मारण्यासाठी काय वापरले, साठवणीत कोणती पावडर घातली, हे विचारायला संकोच करू नये. रब्बीची ज्वारी फेब्रुवारी-मार्चमध्ये बाजारात येते, आवक वाढते आणि दर उतरतो. तेव्हा चार घरांनी मिळून एकाच शेतकऱ्याकडून पोती घ्यावीत, धान्याला कडक ऊन द्यावे आणि कडुनिंबाचा वाळलेला पाला घालून ते भरून ठेवावे. पीठ मात्र थोडेथोडेच दळावे, कारण जुन्या पिठाची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते आणि भाकरी थापताना चिरते.

(दृश्य: चुलीवर भाकरी, शेजारी मोड आलेल्या मटकीची उसळ.)

ज्वारीत लायसिन या अमिनो आम्लाची, म्हणजे प्रथिनांच्या एका घटकाची, उणीव असते आणि कडधान्यात ते भरपूर असते. भाकरी आणि उसळ ही जोडी एकमेकांची उणीव भरून काढते, ती केवळ चवीची जोडी नाही. मोड आणल्यावर कडधान्यातील फायटेट, म्हणजे लोह शोषू न देणारा घटक, घटते आणि क जीवनसत्त्व तयार होते. उसळीवर लिंबू पिळल्यास तिच्यातील लोह शरीराला अधिक मिळते, तर जेवणाबरोबर घेतलेला चहा ते शोषू देत नाही. कॅल्शियमसाठी नाचणी आहे. तिच्या 100 ग्रॅममध्ये सुमारे 350 मिलिग्रॅम कॅल्शियम असते, गाईच्या दुधातील प्रमाणाच्या जवळजवळ तिप्पट. शेवग्याचा पाला तर कित्येक गावांत मागितला की मिळतो. एक गोष्ट मात्र कोणतेही धान्य किंवा भाजी देत नाही, ती म्हणजे बी-12 जीवनसत्त्व. जे दूध-ताकही घेत नाहीत, त्यांनी डॉक्टरांच्या सल्ल्याने त्याची गोळी घेतलीच पाहिजे आणि तो खर्च आहाराच्या हिशोबातच धरावा.

पावसाळ्यात सह्याद्रीच्या पायथ्याच्या बाजारांत टाकळा, कुर्डू, भारंगी, करटोली या रानभाज्या येतात. त्यांना कोणी पेरत नाही आणि कोणी फवारत नाही. शेवळे ही रानभाजी मात्र घशाला खाजवते, म्हणून तिच्यात काकड या रानझाडाची फळे किंवा चिंच घालावी लागते. हे ज्ञान भाजी विकणाऱ्या बाईकडे असते आणि ते तिच्याकडूनच घ्यावे.

(दृश्य: अकोले तालुका, अहिल्यानगर जिल्हा. घरामागची परसबाग.)

कोंभाळणे गावच्या राहीबाई पोपेरे यांनी गावरान वाणांचे बियाणे जपले, बाएफ संस्थेच्या साथीने बीज बँक उभारली आणि 2020 साली त्यांच्या नावाची पद्मश्रीसाठी घोषणा झाली. संकरित बियाणे दरवर्षी नव्याने विकत घ्यावे लागते. गावरान वाल, घेवडा, दोडका यांचे बी घरचेच पुन्हा पेरता येते, त्यामुळे भाजीचा खर्च मातीपाशीच थांबतो. शहरातील सज्जात एवढी जागा नसते, तरी पसरट कुंडीत मेथी तीन-चार आठवड्यांत खुडायला येते.

येथे वालाचा वेल कुडावर चढला आहे. खालच्या शेंगा रोजच्या भाजीला जातात. वरच्या, टपोऱ्या शेंगांना कोणी हात लावत नाही. त्या वेलावरच वाळतील, मग सोलून, राखेत घोळवून मडक्यात जातील आणि मृगाचा पाऊस झाला की बाहेर निघतील.