दोन तासांच्या अटीने घडवलेले खेळ

नमस्कार. पडद्यावर एकही चित्र नसलेल्या, केवळ मजकुरावर चालणाऱ्या साहसखेळांची, म्हणजेच टेक्स्ट अ‍ॅडव्हेंचरची, एक स्पर्धा १९९५ पासून दरवर्षी होत आली आहे. तिचे नाव इंटरॅक्टिव्ह फिक्शन कॉम्पिटिशन, आणि जाणकारांच्या बोलण्यात ‘आयएफकॉम्प’. आज मी तिच्या एकाच नियमाविषयी सविस्तर बोलणार आहे, कारण माझ्या मते या खेळांचे आजचे रूप बऱ्याच अंशी त्या नियमाने ठरवले.

थोडी पार्श्वभूमी सांगतो. ‘झॉर्क’सारखे खेळ विकणारी इन्फोकॉम ही अमेरिकी कंपनी १९८९ मध्ये बंद झाली आणि या प्रकाराला बाजारात फारसे स्थान उरले नाही. मात्र ‘टॅड्स’ आणि ‘इन्फॉर्म’ ही खेळ लिहिण्याची साधने हौशी मंडळींच्या हाती आली होती. केव्हिन विल्सन यांनी पहिली स्पर्धा भरवली, तेव्हा याच दोन साधनांप्रमाणे प्रवेशिकांचे दोन गट केले होते. पुढच्याच वर्षी ही विभागणी संपली.

आता तो नियम. परीक्षकाने जास्तीत जास्त पहिल्या दोन तासांच्या खेळावरून एक ते दहा यांपैकी गुण द्यायचे. त्यानंतर तो हवे तितके खेळू शकतो, पण दिलेले गुण बदलू शकत नाही. परीक्षक म्हणजे कोणी नेमलेले तज्ज्ञ नव्हेत. किमान पाच खेळांना गुण देणारा कोणताही सामान्य खेळाडू परीक्षक होतो.

जुने खेळ कित्येक आठवडे पुरत असत, आणि त्यांत नकाशा कागदावर काढत चक्रव्यूहातून वाट शोधणे हा नित्याचा भाग होता. दोन तासांत हे बसत नाही. त्यामुळे लेखकाला जग लहान करावे लागते. परंतु लहान जगात त्याला खोलवर जाता येते, आणि हाच खरा लाभ आहे. समजा, खेळात एकच खोली आहे आणि तिच्यात एक बंद पेटी आहे. खेळाडू ‘पेटी उघड’ असे लिहील, हे कोणीही ओळखेल. पण तो ‘पेटी हलव’, ‘पेटीला कान लाव’, ‘पेटीवर बस’ असेही लिहून पाहील, आणि प्रत्येक वेळी ‘हे मला समजले नाही’ असे उत्तर आले, तर दहाव्या मिनिटाला त्याचा धीर सुटेल. शंभर खोल्यांच्या खेळात अशा प्रत्येक लहरीला उत्तर लिहिणे अशक्यप्राय. एका खोलीत ते जमते.

छोट्या आवाक्यामुळे प्रयोगाचे धाडसही वाढले. १९९८ मध्ये अ‍ॅडम केडर यांचा ‘फोटोपिया’ पहिला आला, आणि त्यात कोडी जवळजवळ नव्हतीच. खेळाडूची कसोटी न पाहणाऱ्या कृतीला खेळ म्हणावे का, यावर तेव्हा भरपूर वाद झाला. (माझे मत विचाराल, तर निःसंशय म्हणावे.) पुढे ‘ट्वाइन’सारख्या साधनांमुळे आज्ञा टंकित करण्याऐवजी दुव्यांवर क्लिक करून खेळायच्या कथाही मोठ्या संख्येने येऊ लागल्या, आणि हाच वाद नव्या रूपात उभा राहिला.

या मतभेदांची स्पर्धेने गमतीने दखल घेतली आहे. ज्या खेळाच्या गुणांचे प्रमाण विचलन सर्वाधिक, म्हणजे ज्याला काहींनी डोक्यावर घेतले आणि काहींनी पार झिडकारले, त्याला ‘गोल्डन बनाना ऑफ डिस्कॉर्ड’ हा मान मिळतो. विजेत्याइतकाच हा खेळही मी आवर्जून पाहतो, कारण सर्वांनी सात-सात गुण दिलेल्या नीटनेटक्या खेळापेक्षा त्यात नवे काही सापडण्याची शक्यता अधिक असते.

२०१६ पासून स्पर्धेची व्यवस्था ‘इंटरॅक्टिव्ह फिक्शन टेक्नॉलॉजी फाउंडेशन’ ही ना-नफा संस्था पाहते. प्रवेशिका पूर्वी कोठेही प्रसिद्ध झालेली नसावी लागते, आणि खेळ सर्वांना विनामूल्य खेळता येतात. परीक्षक व्हायचे असल्यास पाच खेळ निवडा, प्रत्येकासाठी घड्याळ लावा आणि दोन तास होताच, खेळ कितीही रंगात आलेला असला तरी, आधी गुण नोंदवा.