सही जुळत नाही

[दृश्य: जेवणाचं टेबल. चेकबुक, चष्मा, बॉलपेन. एक उजवा हात.]

काका 21 वर्षं पतपेढीचे सचिव होते. पतपेढीच्या प्रत्येक चेकवर त्यांची सही असायची. लांब शेपटीची, खाली दोन टिंबं दिलेली. आता त्यांचा स्वतःचाच चेक बँकेतून परत आलाय. शेरा आहे : सही जुळत नाही.

जरा जवळून बघू. पहिलं अक्षर बरं आलंय. दुसरं त्याहून बारीक. आडनावापर्यंत पोचता पोचता मुंग्यांची रांग, आणि शिरोरेषा घसरत खाली गेलेली. हाताचा कंप घरच्यांच्या नजरेत आला तो नंतर. अक्षर त्याच्या दोन वर्षं आधीपासून आकसत होतं. तेव्हा सगळे म्हणाले, वय झालं.

[दृश्य: सदऱ्याचं बटण लावणारी बोटं. कट न करता.]

पार्किन्सन्स, म्हणजे आपल्याकडचा कंपवात. नावामुळे सगळं लक्ष कंपाकडे जातं, पण माणसाला खरं जेरीला आणतात ते ताठरपणा आणि मंदपणा. एका बटणाला पाच मिनिटं. रात्री कूस बदलायची तर बायकोला उठवायचं. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरनं 1817 साली सहा जणांचं वर्णन लिहून ठेवलं. त्यातले काही जण त्याला नुसते रस्त्यात दिसले होते. चाल बघूनच ओळखू यावा, असा हा आजार.

मेंदूच्या तळाशी काळपट रंगाच्या पेशींचा एक पट्टा असतो. या पेशी डोपामिन नावाचं रसायन तयार करतात आणि त्यावर हालचालींची लय सांभाळली जाते. पेशी मरत जातात. निम्म्याहून अधिक गेल्या, की मग कुठे लक्षणं दिसतात. यावरची मुख्य गोळी म्हणजे लेव्होडोपा. रानात अंगाला लागली की जीव नकोसा करणारी आपली खाजकुइली, तिच्या बियांत हेच द्रव्य असतं. 1937 साली मद्रासला ते वेगळं काढलं गेलं. (म्हणून चालू गोळ्यांवर बियांचं चूर्ण आपल्या मनानं घेऊ नये. डोस नकळत वाढतो.)

पहिली काही वर्षं गोळी छान चालते. मग तिचा अंमल तासांवर येतो. काकांचा दिवस आता घड्याळाला बांधलेला आहे : आठची गोळी, साडेदहाला हात जड, अकराची गोळी, मध्ये अर्धा तास खुर्चीत थिजलेले. कधी उलटं होतं, अंग आपोआप वळवळायला लागतं. ऑपरेशनचा विषय निघतो तो इथे.

[दृश्य: चरखा, आणि त्यामागे वाचत बसलेले गांधीजी. कृष्णधवल फोटो.]

हा फोटो तुम्ही पाहिलेला आहे. 1946 साली पुण्यात मार्गारेट बर्क-व्हाइट या अमेरिकन बाईंनी काढलेला. आधी सूत कातायला शिका, मग फोटो, अशी त्यांना अट होती. पुढे काही वर्षांत कंपवातानं त्यांनाच गाठलं. कॅमेऱ्यावर पोट असलेली बाई, आणि हात ऐकेना. 1959 साली न्यूयॉर्कचे सर्जन अर्व्हिंग कूपर यांनी त्यांच्या मेंदूवर शस्त्रक्रिया केली.

कूपरना ही वाट एका चुकीतून सापडली होती. 1952 साली एका ऑपरेशनमध्ये मेंदूची एक बारीक रक्तवाहिनी फाटली. ती बंद करून त्यांनी ऑपरेशन अर्धवट सोडलं. पेशंट शुद्धीवर आला तर कंप गायब, आणि लकवाही नाही! त्यानंतर थॅलॅमस या मेंदूच्या आतल्या भागातला ठरावीक ठिपका मारून टाकायची पद्धत रुळली. पण मारलेला भाग परत येत नाही. दोन्ही बाजूंना केलं, तर वाचा जड होण्याची भीती.

1987 साली फ्रान्समधल्या ग्रनोबलला सर्जन अलीम-लुई बेनाबिद असाच ठिपका मारायच्या तयारीत होते. जागा बरोबर आहे का, हे आधी हलका करंट देऊन तपासतात. सेकंदाला शंभरच्या आसपास ठोके दिले आणि कंप थांबला. करंट बंद, कंप सुरू. मग मारायचंच कशाला? तार तिथेच राहू द्यावी. डीप ब्रेन स्टिम्युलेशन, डीबीएस, ते हेच.

[दृश्य: ऑपरेशन थिएटर. डोक्याला धातूची चौकट. काका जागे.]

कालपासून गोळी बंद आहे, कारण आज कंप दिसायलाच हवा. चौकटीचे स्क्रू बसतात तिथली कातडी बधिर केलीय. ड्रिलचा आवाज मात्र कवटीतून थेट कानात येतो, आणि तो भयंकर वाटतो, हे लपवण्यात अर्थ नाही. खुद्द मेंदूला दुखत नाही. काही ठिकाणी आता पूर्ण भूल देऊनही हे ऑपरेशन करतात.

गाठायची जागा मसुराच्या दाण्याएवढी. केसासारखी सुई मिलिमीटर मिलिमीटरनं खाली जाते आणि पेशींचा आवाज स्पीकरवर येतो. आधी तुरळक टकटक. मग एकदम पत्र्यावर पाऊस. जागा सापडली. आता तिथे हलका करंट.

‘काका, महिने म्हणा.’
‘चैत्र... वैशाख... ज्येष्ठ...’
‘जीभ ओढल्यासारखी वाटतेय?’
‘नाही.’

डॉक्टर त्यांचं मनगट वाकवून बघताहेत. गंजलेल्या बिजागरीसारखं होतं ते. आषाढापर्यंत ते सैल पडतं. हात मांडीवर नुसता पडून राहतो. काका महिने म्हणायचे थांबून त्याच्याकडे बघत राहतात.

नंतर भूल देऊन तार कानामागून, कातडीखालून गळ्याच्या हाडाखाली नेतात आणि तिथे बॅटरी बसवतात.

आता हिशेब. खर्च काही लाख, त्यातला मोठा वाटा यंत्राचा. शंभरात एक-दोघांना मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो, तारेला जंतुसंसर्ग होऊ शकतो. विसरभोळेपणा बराच वाढला असेल तर डॉक्टर नको म्हणतात. आजार बरा होत नाही, पेशी मरतच राहतात. कंप सोडला, तर गोळीच्या अंमलात जे सुधारत नाही ते सहसा तारेनंही सुधारत नाही, आणि बोलणं त्यातच येतं. ‘ऑपरेशननंतर सगळं ठीक’ म्हणणाऱ्या जाहिराती हे वाक्य गाळतात.

[दृश्य: बँकेची खिडकी. चार महिन्यांनंतर.]

करंट जुळवायला चार फेऱ्या झाल्या. गोळ्या निम्म्यावर आल्यात. काका चेकवर सही करतात. शेपटी लांब, टिंबं दोन. कॅशियर बाई जुना नमुना काढतात, बघतात, शिक्का मारतात. मग काचेला कान लावतात.

‘काका, नोटा कुठल्या देऊ? जरा मोठ्यानं बोला.’