डाव्या कुंपणामागची मंडळी

मिसिसिपी राज्यातलं स्टार्कव्हिल हे लहानसं गाव. वस्ती जेमतेम 25 हजारांची. पण 15 एप्रिल 2023 ला तिथल्या मिसिसिपी स्टेट विद्यापीठाच्या ‘डूडी नोबल फील्ड’वर बेसबॉलची मॅच बघायला 16,423 माणसं आली होती! समोर ‘ओल मिस’, म्हणजे त्याच राज्यातलं मिसिसिपी विद्यापीठ. या दोघांचं पिढ्यान्‌पिढ्यांचं हाडवैर. कॉलेजच्या आवारातल्या मैदानावर बेसबॉलला एवढी गर्दी अमेरिकेत तोवर कधी जमली नव्हती. आधीचा विक्रम 2014 चा, 15,586 चा. तोही इथलाच आणि याच दोघांच्या मॅचचा.

आता एवढी माणसं का येतात? माझं मत विचाराल तर, खेळ हे निम्मंच कारण आहे.

मैदान सुरू झालं 1967 मध्ये. डूडी नोबल हे विद्यापीठाचे जुने प्रशिक्षक, त्यांचं नाव मैदानाला मिळालं. बॅटर उभा राहतो तिथून डाव्या हाताला, कुंपणापलीकडे जागा मोकळीच होती. साठच्या दशकात हौशी मंडळी तिथं गाड्या लावून मॅच बघायला लागली. सोबत कोळशाची शेगडी, तिच्यावर मांस भाजत ठेवलेलं. आणि कुंपणाच्या आत, हाकेच्या अंतरावर, पाहुण्या टीमचा लेफ्ट फील्डर, म्हणजे डाव्या बाजूचा क्षेत्ररक्षक, यांच्याकडे पाठ करून उभा! त्या बिचाऱ्यानं टोमणे ऐकायचे, वर भाजणाऱ्या मांसाचा वास घ्यायचा आणि नजर मात्र चेंडूवर ठेवायची.

पुढे काही गाड्या घरी जाईनाशाच झाल्या. जुने ट्रक, ट्रेलर कायमचे तिथंच; त्यांच्यावर फळ्या ठोकून पायऱ्यापायऱ्यांची बैठक केलेली. आपल्याकडे मंडळाच्या मांडवाची जागा ठरलेली असते, तशी इथं प्रत्येकाची जागा ठरून गेली. याचंच नाव ‘लेफ्ट फील्ड लाउंज’. कुठल्या आर्किटेक्टच्या नकाशात हे नव्हतं.

खेळाचंही सांगतो. 1976 मध्ये रॉन पोक प्रशिक्षक म्हणून आले आणि टीमला वजन आलं. 1985 च्या त्यांच्या टीममध्ये विल क्लार्क आणि रफाएल पाल्मेरो दोघेही होते. पुढे दोघांनीही मेजर लीग, म्हणजे अमेरिकेतलं अव्वल व्यावसायिक बेसबॉल, गाजवलं. तरी त्या वर्षी ओमाहाहून, म्हणजे कॉलेज बेसबॉलची राष्ट्रीय अंतिम स्पर्धा होते तिथून, विजेतेपद काही आलं नाही. ते आलं थेट 2021 मध्ये, व्हँडरबिल्ट विद्यापीठाला 9-0 असं धुऊन. विद्यापीठाचं कुठल्याही सांघिक खेळातलं ते पहिलं राष्ट्रीय विजेतेपद.

त्याआधी, 2019 पर्यंत, सुमारे 6 कोटी 80 लाख डॉलर ओतून मैदान जवळजवळ नव्यानं बांधलं होतं. ट्रक गेले. पण विद्यापीठानं त्या जागी नुसत्या खुर्च्यांच्या रांगा टाकल्या नाहीत. लाउंजसाठी पक्के, आखीव चौथरे बांधून दिले. शेगड्या पुन्हा पेटल्या. हे शहाणपण मानायलाच हवं. मागे मात्र आता फ्लॅटही उभे आहेत, गॅलरीतून थेट मैदान दिसेल असे. गंजक्या ट्रकवर चढून मॅच बघणाऱ्या पोरांना ते भाडं झेपलं असतं असं मला वाटत नाही.