रुमालात बांधलेली कवळी

मंडळी, आधी एक कबुली देतो. मी करून दिलेल्या कवळ्यांपैकी काही आज तोंडात नाहीत. त्या कपाटात आहेत, स्टीलच्या डबीत आहेत, आणि एक रुमालात आहे हे तर मी डोळ्यांनी पाहिलंय.

एक आजी आल्या होत्या. रुमालाची गाठ सोडली आणि खालच्या दाढांची कवळी टेबलावर ठेवली. "डॉक्टर, ही तुम्हीच दिलेली. लग्नकार्याला घालते, गाल भरल्यासारखे दिसतात. जेवायला बसले की काढते." चावण्यासाठी केलेली वस्तू चावायच्या वेळी बाजूला! हसताय, पण तुमच्यातही दोघंतिघं असतील.

दोष आजींचा नव्हता. त्यांच्या खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा गेलेल्या. दंतवैद्य एडवर्ड केनेडी यांनी 1925 मध्ये अशा अर्धवट दंतपंक्तींचे चार वर्ग पाडले, त्यातला हा पहिला वर्ग, आणि आम्हा डॉक्टरांना सगळ्यात जास्त घाम फोडणारा. का, ते सांगतो. कवळीची तार पुढच्या उपदाढेला धरते, पण मागे धरायला दातच नसतो. तो भाग नुसत्या हिरडीवर टेकतो. हिरडी दबते, दात जवळजवळ दबत नाही. त्यामुळे प्रत्येक घासाला कवळीचं मागचं टोक खाली जातं आणि पुढच्या दाताला हिसका बसतो. त्यात शेंगदाण्याचा एक कण खाली शिरला की संपलंच, डोळ्यांत पाणी येतं. शिवाय दात काढल्यावर तिथलं हाड झिजत जातं, पहिल्या वर्षात सगळ्यात जास्त. आज घट्ट बसलेली कवळी त्यामुळेच पुढे डुगडुगते.

उलट, पुढचा एक दात गेलेला माणूस बघा. तेच गुलाबी अ‍ॅक्रिलिक, म्हणजे कवळीचं प्लॅस्टिक, तीच तार. पण कवळी घातल्याशिवाय तो दाराशी आलेल्या दूधवाल्यासमोरही जाणार नाही. चावायला ती फारशी कामाची नाही, तरी रोज तोंडात असते. कवळी वापरात राहते की नाही, हे तिच्या घडणीइतकंच माणसाला तिची गरज कुठे वाटते यावर ठरतं.

नेदरलँड्समधले दंतवैद्य केयसर यांनी 1981 मध्ये नेमका हाच प्रश्न विचारला: प्रत्येक गेलेली दाढ भरून काढायलाच हवी का? हिशोब करा. आठ पटाशीचे दात, चार सुळे, आठ उपदाढा, झाले 20. हे धडधाकट असतील आणि वरचे-खालचे नीट भिडत असतील, तर बऱ्याच वयस्कर माणसांचं तेवढ्यावर भागतं. तिशीतल्या माणसाला मी हा सल्ला सरसकट देणार नाही, आणि हिरड्या खराब असतील तर मुळीच नाही.

मी आजींना विचारलं, "खाता काय येत नाही?" त्या म्हणाल्या, "भाकरी कालवणात कुस्करते. बाकी सगळं चालतं." हा प्रश्न मी कवळीचं माप घेण्याआधी विचारायला हवा होता. त्यांना ती कवळी करायलाच नको होती. त्यांनी मात्र ती परत रुमालात बांधली. नातीचं लग्न होतं.

आता ज्यांना कवळी लागतेच, त्यांच्यासाठी थोडं. ती बोटांनी दाबून बसवा. चावून बसवायची सवय असेल तर तारा वाकतात आणि कवळी मोडतेही. गरम पाण्यात टाकू नका, तिचा आकार बिघडतो. पेस्टनं घासू नका, ओरखडे पडतात आणि त्यात घाण बसते. साधा साबण आणि मऊ ब्रश पुरे. धुताना बेसिनमध्ये पाणी भरून ठेवा, हातातून निसटली तरी फुटणार नाही. रात्री काढून गार पाण्यात ठेवा. चोवीस तास घालून ठेवणाऱ्यांचा टाळू लालभडक झालेला मी नेहमी बघतो. तो बहुतेकदा बुरशीचा प्रताप असतो.

एक-दोन दातांची छोटी कवळी सैल झाली असेल तर मात्र अजिबात थांबू नका. झोपेत किंवा जेवताना अशी कवळी गिळली जाते, घशात अडकते. साधं अ‍ॅक्रिलिक एक्स-रेत दिसत नाही, दिसली तर फक्त तार दिसते. म्हणून असं काही झालं तर डॉक्टरांना आधी सांगा की तोंडात कवळी होती. आणि तार आवळून घ्यायची असेल तर या. पक्कड घेऊन दोन मिनिटांचं काम आहे, त्याचे पैसे मी घेत नाही.